जिथं मिश्रीचं बोट पोचत नाही

माझ्या शालूआत्याचा आवाज साताऱ्याच्या स्टँडवर प्रसिद्ध आहे. फलाटाच्या एका टोकाला उभी राहून ती "कराऽड, आष्टाऽ, सांगलीऽऽ" म्हणाली की दुसऱ्या टोकाला मुतारीत गेलेला माणूससुद्धा चेन ओढत पळत येतो. हे माझं नाही हं, तिच्या गाडीचे ड्रायव्हर नानासोकाका असं सांगतात. ती वीसेक वर्षं एसटीत कंडक्टर आहे, आणि डेपोपासून सांगलीपर्यंत सगळे तिला शालूबाई म्हणतात.

मी प्रियदर्शनी. नववी ब. गेल्या वर्षापर्यंत माझा आवाज असा होता की हजेरीला मी "हजर" म्हणायचे आणि बाई मला गैरहजर लावायच्या. खरंच! एकदा तर गैरहजर म्हणून घरी मेसेज आला आणि मी आपली वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेली. तो मेसेज आत्यानं वाचला. संध्याकाळी तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती विनातिकीट माणसाकडं बघते.

"आपल्या घरात मुकं कुनी जल्मलं न्हाई," ती म्हणाली. "उद्यापासनं गच्चीवर."

आत्या आमच्याच घरात राहते. तिचे मिस्टर मिलिटरीत होते, ते वारल्यापासून. माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ सयाजी. तेही मिलिटरीतून रिटायर झाले आणि आता एमआयडीसीत सिक्युरिटीला आहेत. बाबा घरात कुणाचं ऐकत नाहीत, पण आक्का, म्हणजे आत्या, म्हणाली की विषय संपला. त्यामुळं मला गच्चीवर जावंच लागलं. सकाळी शाळेच्या आधी, समोर अजिंक्यतारा, आणि त्या किल्ल्याला ऐकू जाईल असं ओरडायचं. शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे.

"घशातनं न्हाई, पोटातनं काड," आत्या सांगायची. "आन तोंड उघडायला काय लाज वाटती? तुमी शिकलेली पोरं दात झाकून बोलता. टाळू दिसली पायजे समोरच्याला, टाळू!"

आणि मग एक दिवस तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. (पहिला! हे मी दोनदा लिहिणार आहे. पहिला!) लगेच जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी सुरू झाली, आणि त्या तयारीतच ही गोष्ट घडली.

झालं असं, की मी "आकाश" म्हणत होते आणि आत्याला माझा "आ" पसंत पडेना. शेवटी ती वैतागली, कमरेवर हात ठेवून उन्हाकडं तोंड करून उभी राहिली आणि स्वतःच "आऽऽऽ" करून दाखवलं. जबडा असा उघडला की सकाळचं ऊन थेट आत. मी तिच्या समोरच, तिच्यापेक्षा बुटकी. मला तिच्या तोंडाचं छत लख्ख दिसलं.

त्या छतावर एक डाग होता. मधे काळाकुट्ट, कडेला तपकिरी. ओल्या कागदावर शाई सांडली की कडा वेड्यावाकड्या पसरतात ना, तसा. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

"आत्या, तुझ्या टाळूला काळं काय लागलंय?"

तिनं जीभ वर फिरवली. "मिश्री असंल. तू आ कर."

आमच्याकडं बऱ्याच बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि बोटानं दातांना घासायची. आत्या सकाळी लावते, ड्यूटीवरून आली की लावते, आणि ड्यूटीवर असताना लावत नाही असं आम्हाला सांगते. त्यामुळं तिचे दात आणि हिरड्या काळ्याच आहेत. त्या दिवशी मी जेवताना विषय काढला तर बाबा हसले. "आक्काचं तोंड म्हणजे मिश्रीचा डबाच हाय. काळं न्हाई तर काय पांढरं दिसनार?" आई म्हणाली, मीठ-लिंबानं घास. आत्यानं घासलं. डाग तसाच राहिला, फक्त जरासं रक्त आलं.

मला काही ते पटेना. मी तिला मिश्री लावताना नीट बघितलं. आधी बोट वरच्या दातांवरून आडवं जातं, मग आतून, मग खालच्या दातांना, मग हिरड्यांना. एवढंच. वर छताला बोट जातच नाही. का जात नाही तेही मी करून बघितलं. टूथपेस्ट लावलेलं माझंच बोट टाळूपर्यंत नेलं आणि बेसिनवर अशी ओकारी आली की आई धावत आली. म्हणजे बोट जिथं पोचत नाही, तिथंच सगळ्यात काळं!

मी हे आत्याला सांगितलं. तिनं ऐकलं, आणि म्हणाली, "वक्तृत्वाचं लय डोक्यात गेलंय तुज्या." पुन्हा सांगितलं तर म्हणाली, "डागदराकडं गेलं की तो पयलं काय सांगंल? मिश्री सोडा. मग कशाला जायाचं?" तिसऱ्यांदा तोंड उघड म्हटलं तर ओठ घट्ट मिटून "हं हं" करत ड्यूटीला निघून गेली.

घरात ती निसटते. पण गाडीतून कंडक्टर कुठं जाणार? मी ठरवलं.

शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी तिच्या सांगलीच्या गाडीत जाऊन बसले. बायकांना तिकीट अर्धं झाल्यापासून तिच्या गाडीत बायकाच बायका असतात. कुणी माहेरी, कुणी बाजाराला, कुणी नुसतंच नातवंड बघायला. आत्यानं मला बघितलं, तिकीट मशीन माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "कुठं?"

"तुझ्याबरोबर."

"तसा थांबा न्हाई माज्या मशीनमधी."

"मग सांगली."

कराडला गाडी थांबली. नानासोकाका चहाला उतरले, इंजिन बंद झालं, आणि मी उठून उभी राहिले. आवाज पोटातनं काढला.

"आत्या, डॉक्टरला तोंड दाखवते म्हण, तरच मी खाली बसणार."

आत्या मागच्या दारात. तिचा चेहरा लालभडक.

"गप बस, प्रिये!"

"नाही बसणार. तुझ्या टाळूवर काळा डाग आहे आणि तो मिश्रीचा नाही."

"आगं मिश्रीचाच हाय त्यो!" ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडली, आणि तिथंच चुकली. कारण पुढच्या सीटवरची जरीच्या पदराची एक बाई लगेच वळली.

"मिश्री तर मी बी लावती की. माजं काळं हाय का बघ, पोरी." आणि तिनं आ वासला.

मी फोनची टॉर्च लावली. दात काळे, हिरड्या काळ्या, आणि वरचं छत? गुलाबी!

"मावशी, तुमची टाळू गुलाबी आहे!"

"गुलाबी?" ती इतकी खूश झाली, जणू मी तिला गोरी म्हटलं. "ऐकलं का गं, चिंगे? गुलाबी हाय म्हन!"

"आता माजी बघ."

"माजी बी. म्या तर चाळीस वरसं लावती."

"हिची नगं बघू, हिच्या तोंडात पान हाय."

मग काय, मी सीटा-सीटांतून टॉर्च घेऊन फिरले. बायका आ करून बसलेल्या. खिडकीतून पेरूवाला बघायला लागला, त्याला वाटलं आत काहीतरी वाटप चाललंय. काळे दात, पडलेले दात, सोन्याचा एक दात, आणि प्रत्येक तोंडाचं छत गुलाबी किंवा फिकट तपकिरी. शाई सांडल्यासारखं एकही नाही. एकही!

तेवढ्यात नानासोकाका चहा संपवून चढले. "काय चाललंय गाडीत? दातांचं शिबिर हाय का?"

"शालूबाईची टाळू काळी हाय म्हनं," जरीच्या पदराची बाई म्हणाली.

"मग बरोबर हाय की," काका हसले. "काळ्या टाळवाचं कुत्रं राखनीला एक नंबर असतंय. उगीच का गाडीत एक बी माणूस फुकट जात न्हाई!"

सगळी गाडी हसली. आत्या हसली नाही. ती दाराच्या दांडीला धरून उभी होती, आणि मी तिला इतकी लहान कधीच बघितली नव्हती. मग जरीच्या पदराची बाई उठली, तिच्याजवळ गेली आणि हळू बोलली, "बाई, पोरगी खरं बोलती. आमा सगळ्यांचं येक, आन तुमचं येकटीचंच येगळं. दावून या. आमी हाय की गाडीत बसून."

आत्यानं घंटीची दोरी ओढली. टण टण. गाडी निघाली. आष्टा मागं पडलं तरी ती माझ्याशी बोलली नाही. सांगलीचा स्टँड आला, सगळ्या बायका उतरल्या, आणि मग ती म्हणाली, "गाडी सुटायला टाइम हाय. कुठं हाय तुजा डागदर?"

माझ्याकडं डॉक्टर कुठला? मी तेवढा विचारच केला नव्हता! पण स्टँडसमोरच्या बिल्डिंगवर दातांच्या दवाखान्याची पाटी होती, डॉ. चंदना पाटील. आम्ही जिना चढलो.

डॉक्टर चंदना तरुण होत्या आणि त्यांनी पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला. "मिश्री लावता का?" आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की, बघ, सांगितलं होतं ना! पण मी पटकन बोटाचं सांगितलं, ओकारीचं सांगितलं, आणि गाडीतल्या गुलाबी टाळूंचं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे बदलले आणि दिवा खाली ओढला.

त्यांनी काय काय केलं ते मी सगळं बघितलं. काचेची छोटी पट्टी डागावर दाबली. "रक्तवाहिन्यांचा डाग असता तर दाबल्यावर रंग फिका झाला असता. होत नाहीये." मग एक्स-रे. आत्याच्या एका दाढेत जुनं चांदीचं सिमेंट आहे, त्याचे कण मांसात गेले तरी काळं दिसतं म्हणे. पण ती दाढ लांब होती आणि एक्स-रेत डागाच्या जागी धातू काही दिसला नाही. मग त्यांनी गळ्याच्या दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या, फोटो काढले आणि डाग मोजला.

"हा किती दिवसांपासून आहे?"

"मला काय ठावं? मी काय माजंच तोंड बगती?" आत्या म्हणाली.

"बरोबर आहे. कुणीच बघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तू बघितलंस ते फार बरं केलंस. मला हा डाग आवडलेला नाही. तुकडा काढून तपासायला हवा, आणि तो माझ्याकडं नको. मोठ्या हॉस्पिटलमध्ये अतिशयसर आहेत, मी फोन करते."

डॉक्टर अतिशय (हो, त्यांचं नावच अतिशय आहे!) म्हणजे तोंडाच्या आजारांचे तज्ज्ञ. मऊ बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. तुकडा काढला, आणि रिपोर्ट काही लवकर येईना. आत्या रोज ड्यूटीला जायची, रोज ओरडायची, पण घरी आली की मिश्रीची डबी हातात धरून नुसती बसायची. उघडायची नाही. बाबा मला एकटीला गाठून म्हणाले, "मी हसायला नको होतं गं." बाबांनी असं काही मला आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं. मी म्हटलं, "जाऊ दे बाबा, नानासोकाकांनी तर कुत्रं काढलं."

रिपोर्टच्या दिवशी बाबा, आत्या आणि मी गेलो. अतिशयसरांनी आधी उशिराचं कारण सांगितलं. तुकड्यात काळा रंग इतका भरला होता की पेशीच दिसत नव्हत्या. म्हणून तो रंग औषधानं धुऊन काढला, मग वेगवेगळी रसायनं लावली. त्यातली काही फक्त ठराविक पेशींनाच रंगवतात. त्या पेशी रंगल्या.

"याला मेलॅनोमा म्हणतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा कॅन्सर."

बाबांनी खुर्ची घट्ट धरली. आत्या म्हणाली, "पण त्यो तर उन्हानं हुतो म्हनं, कातडीला. प्रियीनं काळ्या डागांचं मोबाईलवर वाचलंय. माज्या टाळवाला कुठलं ऊन लागलं?"

"तेच तर," सर म्हणाले. "गोऱ्या लोकांत तसा होतो. तोंडात फार क्वचित होतो. माझ्या हाताखालून आजवर एवढी तोंडं गेली, त्यात हा दुसरा."

"आन पयला?"

सर थांबले. "त्या बाई फार उशिरा आल्या होत्या. त्यांनाही सगळे मिश्रीच म्हणत होते." मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, "तुमचा तसा नाही. तुमचा अजून फार खोल गेलेला वाटत नाही. मिश्रीमुळं हा झाला असं मी म्हणणार नाही, तसं सांगता येत नाही. पण मिश्रीनं तो झाकून ठेवला हे नक्की. ती आजपासून बंद."

"ती बंदच हाय," आत्या म्हणाली. आम्हाला कुणालाच तिनं सांगितलं नव्हतं!

मग तो दुसरीकडून कुठून तोंडात आला नाही ना, हे बघायचं होतं. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत कातडी तपासली. नखं, बोटांच्या बेचक्या, तळपाय, डोळ्यांत थेंब टाकून डोळे. "आता काय जीव काडून बगता का?" आत्या आतून ओरडत होती आणि नर्स हसत होती. सगळ्या अंगाचा स्कॅन झाला. कुठंही काही नाही. म्हणजे तो तिथलाच होता, आणि तिथंच होता. सरांनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलासुद्धा. साताऱ्यातल्या किती नववीच्या मुलींनी टाळूवरचा मेलॅनोमा बघितलाय, सांगा बरं!

पण खरी अडचण पुढं होती. ऑपरेशन. डाग आणि त्याच्याभोवतीचा चांगला भाग, हाडासकट, काढायचा. म्हणजे टाळूला भोक. तोंडाची आणि नाकाची हवा एक.

"आवाज?" आत्यानं एवढंच विचारलं.

"भोकावर बसणारी प्लेट करून देऊ. ती लावली की बोलता येतं, जेवता येतं. अगदी पहिल्यासारखं नाही. खोटं सांगणार नाही."

आत्या उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मी मागं गेले.

"मी करनार न्हाई," ती म्हणाली. "फलाटावर मी ततपप करत हुबी ऱ्हाऊ? लोकं हसतील. आवाज गेला मग शालूबाई कोन? नुसती टिकटीची मशीन?"

मला काय बोलावं सुचेना. मी, पहिला नंबरवाली! तिचा हात नुसता धरला. ती करणार नाही म्हणाली तर करणार नाही, हे मला माहीत होतं. आणि न केल्यास काय, तेही सरांच्या त्या थांबण्यातून मला कळलं होतं.

बाकावर आमच्या पलीकडं एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. आत्याच्या खाकी कपड्यांकडं मघापासून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही त्यांना.

"तुम्ही एसटीच्या का हो?"

"व्हय."

"मग सांगा मला, आष्ट्याच्या अलीकडं आमच्या फाट्यावर तुमची गाडी का थांबत नाही? म्हातारं माणूस हात करून करून दमतं, आणि तुमचा ड्रायव्हर भुर्रकन पुढं!"

आत्याचं डोकं सटकलं. "थांबत न्हाई? माजी गाडी थांबत न्हाई? आवं, रिक्वेस्ट स्टॉप हाय त्यो. हात करायचा म्हंजे रस्त्यावर येऊन करायचा. तुमी झाडाखाली सावलीत बसून हात करनार, आन आमी काय झाडाला इचारायचं का, कोन बसलंय म्हनून?"

"मग उन्हात उभं राहून मरू होय?"

"मरू नगा, पर दिसा तर!"

"तुमच्या त्या नव्या गाड्यांच्या पायऱ्या कुणी केल्या हो? घोड्यावर चढल्यागत चढावं लागतं!"

"त्ये मला इचारू नगा, मी काय सुतार हाय?"

असं जे जुंपलं, विचारू नका. गाडीचा फाटा, मग पायऱ्या, मग सुट्टीच्या दिवशीची गर्दी, मग वांग्याच्या पाट्या टपावर का टाकतात. बाकाच्या दोन्ही बाजूंचे पेशंट ऐकायला लागले. आजी एकेक शब्द तोडून बोलत होत्या, आत्या दुप्पट जोरानं. आणि दोघींनाही मजा येत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मधेच पलीकडच्या खोलीतून नर्सनं हाक मारली. "आक्काताई चौगुले! प्लेट काढून आत या, सर घासून देतील."

आजींनी दोन बोटं तोंडात घातली, कट् असा आवाज आला, आणि त्यांच्या हातात गुलाबी, दातांसकट एक प्लेट आली. त्यांनी आत्याकडं बघून काहीतरी म्हटलं. ते सगळं नाकातून आलं, नुसता भुंग्यासारखा हुंकार. एक शब्द कळला नाही.

आत्या बघतच राहिली. आजींनी ते ओळखलं. प्लेट परत वर दाबून बसवली आणि खणखणीत सांगितलं, "म्हटलं, पळून जाऊ नका, मी आलेच. फाट्याचं अजून संपलं नाही." आणि गेल्या आत.

आत्या कितीतरी वेळ त्या दाराकडं बघत होती.

"तिची टाळूच न्हाई, प्रिये," ती म्हणाली.

"हो."

"आन माज्या बराबरीनं भांडली की गं ती."

"बराबरीनं नाही आत्या. तू हरत होतीस."

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. मग उठली, पदर सारखा करायला गेली, खाकी साडीचा, आणि अतिशयसरांच्या खोलीत शिरली. मी दारातून ऐकलं. "काडा. पर प्लेट आक्काताईसारकी पायजे. त्यापेक्षा हलकी चालनार न्हाई."

ऑपरेशन झालं. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते दिवस वाईट होते. आत्याच्या नाकात नळी, आणि ती पाटीवर लिहून बाबांवर रागवायची. पण काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा तपासल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या. गळ्यातल्या गाठींतही काही नव्हतं. सर कधीच "बरी झाली" म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी बोलावतात, दिव्याखाली बघतात, आणि म्हणतात, "आज काही नाही." हा आजार परत येऊ शकतो, म्हणून पुढंही असंच बघत राहायचं आहे. आम्ही घरी त्या एका वाक्यावर तीन महिने काढतो आणि आत्या दर वेळी डेपोत पेढे वाटते.

प्लेट बसली, पण बोलणं काही लगेच बसलं नाही. "प"चा "म" व्हायचा, "क" नाकात जायचा, पाणी पिताना सावध राहावं लागायचं. आत्या गच्चीवर जाऊन एकटीच "कराड, कराड" म्हणायची. मी खाली जिन्यात बसून ऐकायचे. पहिल्या दिवशी ते "ङराड" होतं. सुट्टी लागेपर्यंत ते कराड झालं. थोडं नाकातलं, थोडं घोगरं, पण कराड! सध्या डेपोनं तिला चौकशीच्या खिडकीत बसवलंय. तिथं माईक आहे. ती माईक बंद ठेवते.

आणि परवाची गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

अतिशयसरांनी विचारलं होतं, माझ्या विद्यार्थ्यांना तुमची केस शिकवायची आहे, तुम्ही याल का? आत्या इस्त्रीची साडी नेसून आली. मीही शाळा बुडवून गेले. (बाईंना सांगून!) वर्गात होणारे डॉक्टर बसले होते, पांढरे कोट, हातात फोन. सरांनी पडद्यावर तो पहिला फोटो लावला. डॉक्टर चंदनांनी काढलेला. कुणाचं तोंड ते सांगितलं नाही.

"काय वाटतं?"

"मिश्री स्टेन, सर."

"तंबाखूचा डाग."

"सिमेंटचा डाग असेल, सर."

पूर्ण वर्ग तेच म्हणत होता. सरांनी फक्त पहिल्या रांगेकडं हात केला. आत्या उठली. वर्गाकडं वळली. मी तिच्या बाजूला बसले होते. लोक हसतील म्हणून जी बाई बाहेर बाकावर जाऊन बसली होती, ती एवढ्या शिकलेल्या लोकांपुढं उभी होती.

"त्यो फोटू माजा हाय," ती म्हणाली. आवाज नाकातून थोडा फुटला. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. आत्यानं तिकडं बघितलं, आणि ते खुसखुसणं जागच्या जागी मेलं. "समद्यांनी मिश्रीच म्हटलं. माज्या भावानं म्हटलं, मी सोता म्हटलं. तुमी बी म्हटलं. ह्या पोरीनं इचारलं, बोट पोचत न्हाई तितं मिश्री कशी पोचली? म्हनून मी आज तुमच्यापुढं हुबी हाय. ही माजी भाची."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लाल झाले असणार. पण मान खाली घातली नाही.

मग आत्यानं दोन बोटांनी प्लेट काढली, सरांच्या ताटलीत ठेवली, खुर्चीवर बसली आणि दिव्याखाली तोंड उघडलं. आता तिला बोलता येत नव्हतं. म्हणून तिनं हातानंच खुणा केल्या, एकेकानं या, रांगेत, ढकलाढकली नाही. मुलं गुपचूप रांगेत उभी राहिली. एकेक जण वाकायचा, बघायचा, सर बारीक काडीच्या टोकानं कडा दाखवायचे, डाग कुठं होता, आता कातडी कशी भरून आली आहे.

शेवटी तो मागच्या बाकावरचा खुसखुसणारा आला. लांबूनच एक नजर टाकली आणि "दिसलं, सर," म्हणून वळायला लागला.

आत्यानं त्याची बाही धरली. दुसऱ्या हातानं दिवा ओढून नीट केला, मान मागं टाकली आणि तोंड आणखी मोठं उघडलं. तो घाबरून परत आला, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकला, आणि या वेळी बराच वेळ बघत राहिला.